तौबा : परतणे आणि परत करणे

मराठी वर्तमानपत्रांत जत्रेची किंवा सभेची बातमी आली की ‘तोबा गर्दी’ हा शब्दप्रयोग हमखास वाचायला मिळतो. एखादी वाईट गोष्ट कानावर आली की आपल्याकडची वयस्क माणसे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, ‘तोबा तोबा’ म्हणत गालांना हात लावतात. अरबीतला हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला, इथे रुळला आणि रुळता रुळता झिजलाही. आज त्यात नवल आहे, वैताग आहे, गर्दीसुद्धा आहे. मूळ अर्थ तेवढा उरलेला नाही. तो अर्थ अगदी साधा आहे. ‘तौबा’ म्हणजे परतणे. वाट चुकलेल्या माणसाने मागे वळून घराकडे येणे.

हा शब्द एकट्या अरबीचा नाही. हिब्रूत ‘शूव’ म्हणजे परत फिरणे. त्यावरून यहुदी लोक पश्चात्तापाला ‘तशुवा’ म्हणतात. अरामीत त्याचे रूप ‘तूव’, अरबीत ‘ताबा’. धार्मिक अर्थाने हा शब्द अरबीत अरामीकडून आला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. ग्रीक भाषेत लिहिलेल्या नव्या करारात मात्र ‘मेतानोइया’ हा शब्द आला. त्याचा अर्थ मन पालटणे. पुढे लॅटिनमध्ये त्याचे ‘पेनितेन्सिया’ झाले आणि त्यात मनाची टोचणी व भोगायची शिक्षा असे दोन्ही अर्थ शिरले. शब्दांचा हा प्रवास ध्यानात ठेवायला हवा, कारण सोळाव्या शतकात युरोप दुभंगला त्यात या शब्दाच्या अर्थाचाही वाटा होता.

पापाच्या शब्दाचेही तसेच आहे. उर्दूत आपण ‘खता’ म्हणतो. बाण निशाण्यावर लागला नाही तर ‘तीर खता हो गया’ असेही म्हणतो. हिब्रूतला पापासाठीचा नेहमीचा शब्द ‘हेत’ याच धातूचा आणि त्याचाही मूळ अर्थ नेम चुकणे. ग्रीक ‘हामार्तिया’चा अर्थही तोच. म्हणजे पाप हा चुकलेला नेम आणि तौबा ही परतीची वाट, इथपर्यंत तिन्ही धर्म जवळजवळ आहेत. मग फरक कुठे पडला? आणि फरक पडूनही तिघांना पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नापाशी का यावे लागले? तो प्रश्न असा : ज्याचे नुकसान झाले त्याला काही न देता, त्याला न विचारता, पापी माणूस परस्पर ईश्वराशी हिशेब मिटवू शकतो काय? या लेखात त्याचाच मागोवा घ्यायचा आहे.

आदमची चूक कुणाच्या माथी?

आदम आणि हव्वा यांची गोष्ट तिन्ही धर्मांत आहे. यहुदी परंपरेत आदमच्या चुकीमुळे मृत्यू आणि कष्ट माणसाच्या वाट्याला आले असे सांगितले जाते. पण तो दोष प्रत्येक नवजात बालकाच्या माथी येतो, अशी मुख्य प्रवाहाची शिकवण नाही. माणसात चांगली आणि वाईट अशा दोन्ही ओढी असतात व त्यांतली एक निवडणे त्याच्या हाती असते, असे रब्बी सांगत आले.

ख्रिस्ती विचाराने वेगळी वाट धरली. संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आदम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवले. एकामुळे पाप जगात आले, दुसऱ्यामुळे कृपा आली. त्या आधारावर उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टिन (३५४-४३०) यांनी आदिपापाचा सिद्धान्त पक्का केला. पेलाजियस नावाच्या विरक्ताने त्यावर हरकत घेतली. माणूस स्वतःच्या इच्छेने चांगला वागू शकत नसेल तर त्याला उपदेश तरी कशाला करायचा, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने त्याच्या मताचा निषेध केला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र मृत्यूचा वारसा मानला, अपराधाचा वारसा ऑगस्टिनच्या अर्थाने मानला नाही. ही कथा जुन्या मराठीतही सांगितली गेली आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. विश्वाची उत्पत्ती, आदमचे पतन आणि मग तारणाऱ्याची वाट पाहणे, हा क्रम त्यात मराठी श्रोत्यांसाठी मांडलेला आहे.

कुरआनात ह. आदम (अ.) आणि त्यांची पत्नी दोघेही चुकतात. दोष एकट्या स्त्रीवर टाकलेला नाही. दोघेही चूक कबूल करतात, क्षमा मागतात आणि त्यांना क्षमा मिळते. क्षमा मागण्याचे शब्दही अल्लाहनेच आदमला दिले, असे तिथे सांगितले आहे. तेव्हा मुलाबाळांकडे त्या चुकीचा वारसा येण्याचा प्रश्न उरत नाही. कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा नियम कुरआनात वारंवार येतो. त्याच गोष्टीत इब्लीसनेही आज्ञा मोडली आहे. पण तो आपण कसे श्रेष्ठ हे सांगत बसला आणि दोष अल्लाहवरच ढकलून मोकळा झाला. आज्ञा दोघांनीही मोडली. फरक पडला तो त्यानंतर.

अरबी भाषेची एक खुबी इथे सांगितली पाहिजे. ‘ताबा’ हे क्रियापद माणसासाठी वापरतात तसेच अल्लाहसाठीही वापरतात. माणूस अल्लाहकडे परततो आणि अल्लाह माणसाकडे कृपेने वळतो. ‘तव्वाब’ हे अल्लाहचे नावच आहे.

बळी थांबला तेव्हा

जेरुसलेमच्या मंदिराच्या काळात यहुदी वर्षातला सर्वांत गंभीर दिवस म्हणजे तिश्री महिन्याची दहावी तारीख, ‘योम किप्पूर’. त्या दिवशी मुख्य याजक मंदिराच्या गाभाऱ्यात जाई. एरवी तिथे कुणालाही प्रवेश नसे. दोन बोकड आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्या लोकांच्या पापांची कबुली दिली जाई आणि त्याला रानात हाकलले जाई. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीतसने मंदिर उद्ध्वस्त केले. याजक गेले, वेदी गेली, बळी थांबला. पापक्षालनाचे साधनच नाहीसे झाले तर आता करायचे काय?

या प्रश्नाला रब्बींनी दिलेले उत्तर धर्मांच्या इतिहासात फार मोलाचे आहे. मंदिराचे अवशेष पाहून हळहळणाऱ्या शिष्याला रब्बी योहानान बेन झक्काई यांनी समजावले, की दयेची कृत्ये हेही तितक्याच तोलाचे प्रायश्चित्त आहे. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास ‘मिश्ना’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात पापांचे सरळ दोन भाग केलेले आहेत. ईश्वर आणि माणूस यांच्यातले पाप योम किप्पूरने धुतले जाते. माणूस आणि माणूस यांच्यातले पाप मात्र, ज्याचा अपराध केला त्याची समजूत घातल्याशिवाय योम किप्पूरलाही धुतले जात नाही. आपण ज्याला ‘हुकूकुल्लाह’ आणि ‘हुकूकुल इबाद’ म्हणतो, तोच हा भेद.

वर्गात एका मुलाने दुसऱ्याची पेन्सिल घेतली, पकडला गेल्यावर ‘सॉरी टीचर’ म्हणाला आणि पेन्सिल दप्तरातच ठेवली, तर शिक्षकाने त्याला माफ करून काय उपयोग? पेन्सिल शिक्षकाची नव्हतीच. मिश्नाचे म्हणणे एवढेच आहे.

परत करण्याचे नियम तौरातमध्ये आधीपासून होते. लुबाडलेली वस्तू परत करायची, वर तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यायचा आणि मगच अर्पणाचा बळी आणायचा. पण अडचणीचे प्रश्न निघत. कुणी लाकडाची तुळई चोरली आणि आपल्या इमारतीत बसवली. नंतर त्याला उपरती झाली. आता काय करायचे? रब्बी शम्माई यांच्या पंथाचे म्हणणे असे, की इमारत पाडा आणि तुळई परत करा. रब्बी हिल्लेल यांच्या पंथाचे म्हणणे असे, की तुळईची किंमत द्या. मिश्नाने दुसरे मत स्वीकारले. त्यामागचे कारण विचार करण्यासारखे आहे : परतणाऱ्याची वाट इतकी अवघड करू नये, की तो परतायचेच टाळेल.

बाराव्या शतकात मुसा बिन मैमून (११३८-१२०४) यांनी हे सारे विचार एकत्र बांधले. कोर्दोव्यात जन्मलेला हा विद्वान पुढे मिसरमध्ये स्थायिक झाला. सलाहुद्दीनच्या दरबारातल्या बड्या असामींचा तो वैद्य होता. पाप सोडणे, केल्याचे वाईट वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि तोंडाने कबूल करणे, ही त्याने सांगितलेली अंगे. ज्याला दुखावले त्याच्याकडे तीन वेळा, दरवेळी तीन माणसे सोबत घेऊन माफी मागायला जावे. तो मेला असेल तर दहा माणसांसह त्याच्या कबरीपाशी जाऊन कबुली द्यावी आणि देणे असेल ते वारसांना द्यावे. त्याचबरोबर ज्याच्याकडे माफी मागितली जाते त्यानेही दगड होऊ नये, हेही त्याने बजावले. परतण्याची पुरी खूण कोणती? तोच मोह, तीच संधी पुन्हा समोर आली आणि अंगात बळ असूनही माणूस मागे फिरला, ही.

आपल्या कोकणात शतकानुशतके मराठी बोलत आलेले बेने इस्रायली योम किप्पूरला ‘दरफळणीचा सण’ म्हणत. दारे बंद करून, उपाशी राहून तो दिवस घरात काढायचा. त्याआधीच्या एलूल महिन्यातल्या उपासांना त्यांनी शेजाऱ्यांकडून नाव घेतले होते : ‘रमजान’.

एकदाच उघडणारे दार

ह. ईसा (अ.) यांच्या शिकवणीची सुरुवात मन पालटण्याच्या हाकेने होते. इंजिलमध्ये जक्कय नावाच्या जकात वसूल करणाऱ्या श्रीमंताची गोष्ट आहे. ईसा त्याच्या घरी पाहुणे म्हणून जातात, तेव्हा तो अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाशी झालेले भांडण आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे, अशीही ईसांची शिकवण आहे. अर्पण थांबू शकते, भाऊ नाही.

पुढे चर्चपुढे वेगळाच पेच आला. बाप्तिस्म्याने सारी पापे धुतली जातात; पण त्यानंतर घडलेल्या मोठ्या पापाचे काय? दुसऱ्या शतकापासून असे मत रूढ होऊ लागले की त्यानंतर आणखी एकदाच संधी मिळेल. इसवी सन २५० मध्ये रोमन बादशहा डेसियसने सर्वांना रोमन देवतांना बळी द्यायला लावले आणि बळी दिल्याचे दाखले घ्यायला लावले. असे दाखले इजिप्तमध्ये सापडलेही आहेत. काही ख्रिस्ती लोक मारले गेले, काही घाबरून वाकले, काहींनी पैसे देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ संपल्यावर वाकलेले लोक रडत परत आले. रोममधल्या नोवातियनने सांगितले, की यांना दार उघडायचे नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मधली वाट काढली : योग्य प्रायश्चित्त करावे आणि मग आत यावे.

त्या काळचे प्रायश्चित्त उघड असे. पापी माणूस चर्चच्या दाराशी उभा राही, सारी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करी. त्यातून बादशहाही सुटला नाही. ३९० साली थेस्सलनीका शहरात थिओडोसियस बादशहाच्या सैनिकांनी हजारो माणसे कापली, तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी त्याला प्रायश्चित्त केल्याशिवाय प्रभुभोजन देण्याचे नाकारले. बादशहा झुकला. सत्तेला धर्माने जाब विचारल्याचे हे मोठे उदाहरण. तरीही ही गोष्ट बादशहा आणि बिशप या दोघांचीच होऊन राहिली. मेलेल्यांचे नातेवाईक तिच्यात कुठे दिसत नाहीत.

ते दिसले ऑगस्टिन यांना. त्यांनी एका पत्रात निर्वाळा दिला, की दुसऱ्याची लुबाडलेली वस्तू परत करता येत असूनही परत न करणारा माणूस पश्चात्ताप करत नाही, त्याचे नाटक करतो. आणि परत केल्याशिवाय त्याचे पाप माफ होत नाही.

पैशाची पेटी

सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या संन्याशांनी खासगी पापनिवेदनाची पद्धत युरोपात नेली. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचे, याची पुस्तके तयार झाली. यात एक सोय झाली. दार आता एकदाच नव्हे, कितीही वेळा उघडू लागले. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे, असा नियम केला.

पण जिथे शिक्षेचे कोष्टक असते तिथे सवलतीचेही येते. १०९५ साली क्लेरमाँच्या परिषदेत जेरुसलेमच्या मोहिमेवर जाणे हेच सर्व प्रायश्चित्ताच्या जागी धरले गेले. दुसऱ्याच वर्षी ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांची कत्तल झाली आणि १०९९ मध्ये जेरुसलेममध्ये मुसलमान व यहुदी यांचे रक्त सांडले. नंतर सवलत पैशानेही मिळू लागली. पापमुक्तीपत्रांमुळे मूळ पाप नव्हे, तर त्याबद्दल भोगायची शिक्षा माफ होते, असे चर्चचे शास्त्र सांगत होते. बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हा बारकावा कोण समजावणार? रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी जर्मनीत टेत्झेल नावाचा धर्मगुरू ही पत्रे विकत होता आणि त्यातला मोठा वाटा आर्चबिशप आल्ब्रेख्तचे सावकारी कर्ज फेडण्यात जात होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन लूथरने आपली ९५ विधाने मांडली. ख्रिस्ताला माणसाचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे हवे आहे, हे त्यातले पहिले म्हणणे. पुढच्या वर्षीच्या पत्रात त्याने लिहिले, की ग्रीक शब्दाचा खरा अर्थ मन पालटणे आहे हे कळल्यावर आपल्याला उजेड दिसला.

लूथरला सारे ओळखतात. त्याच काळातल्या बार्तोलोमे दे लास कासास यांना मात्र आपल्याकडे फारसे कुणी ओळखत नाही. हे स्पॅनिश धर्मगुरू क्यूबा बेटावर जमीन आणि वेठबिगार म्हणून मिळालेले मूळ रहिवासी बाळगून होते. १५१४ साली प्रवचनाची तयारी करताना, अन्यायाने मिळवलेल्या धनातून दिलेले अर्पण ईश्वराला चालत नाही, या अर्थाच्या वचनावर ते थबकले. त्यांनी आपले वेठबिगार सोडून दिले. पुढे ते मेक्सिकोतल्या चियापासचे बिशप झाले. तिथे त्यांनी कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी नियम घालून दिले, की मूळ रहिवाशांना लुबाडणाऱ्या माणसाने लेखनिकासमोर रीतसर कागद करून सारे परत करण्याचे आणि गुलाम मुक्त करण्याचे बंधन स्वीकारल्याशिवाय त्याला पापक्षमा द्यायची नाही. वसाहतीतल्या मालकांनी आकाशपाताळ एक केले. लास कासास १५४७ मध्ये स्पेनला परतले. त्यांचे नियम फारसे पाळले गेले नाहीत. तरी क्षमा मागणाऱ्याला ‘आधी परत कर’ असे सांगणारा एक तरी बिशप त्या लुटीच्या काळात होता, ही नोंद मोठी आहे.

तबूकनंतरचे पन्नास दिवस

इस्लाममध्ये पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू नाही आणि क्षमेचा अधिकारी माणूस नाही. याचा अर्थ तौबा स्वस्त आहे असा होत नाही. कुरआनातल्या एका सूरेचे नावच ‘तौबा’ आहे. तिच्यातल्या एका प्रसंगाची हकिगत हदीसमध्ये विस्ताराने आली आहे.

हिजरी सन ९ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) तबूकच्या मोहिमेवर निघाले. ह. कअब बिन मालिक (रजि.) आज निघू, उद्या निघू म्हणत मागेच राहिले. मोहिमेवरून प्रेषित परतल्यावर मागे राहिलेल्या ऐंशीहून अधिक लोकांनी सबबी सांगितल्या आणि त्या मान्यही झाल्या. कअब बोलण्यात तरबेज होते. पण त्यांनी सबब सांगितली नाही. आपल्याकडे कारणच नव्हते, असे सांगितले. त्यांच्याशी आणि तशाच आणखी दोघांशी कुणीही बोलायचे नाही, असा हुकूम झाला. पन्नास दिवस मदीनेत कुणी त्यांच्या सलामचे उत्तर दिले नाही. मधल्या काळात गस्सानच्या राजाचे पत्र आले, की तुमची तिथे कदर नाही, आमच्याकडे या. कअब यांनी ते पत्र चुलीत टाकले. पन्नासाव्या पहाटे क्षमेची बातमी आली. आनंदाच्या भरात ते सारी मालमत्ता दान करायला निघाले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना थोडी स्वतःसाठी ठेवायला सांगितले. खोटी सबब सांगून सुटलेले ऐंशी जण आणि खरे बोलून पन्नास दिवस सोसलेले तिघे. मुस्लिम समाजाने आठवण ठेवली ती या तिघांची.

नोवातियनने विचारलेला प्रश्न इस्लामच्या इतिहासातही उभा राहिला. ६५७ साली सिफ्फीनच्या लढाईनंतर वेगळ्या झालेल्या खारिजींनी मोठे पाप करणारा मुसलमानच उरत नाही असे ठरवले आणि त्यावरून तलवार उपसली. दुसऱ्या टोकाला मुर्जिआ होते; निवाडा अल्लाहवर सोडा, असे ते म्हणत. बसऱ्यात ह. हसन बसरी (मृत्यू ७२८) यांच्या मंडळात हाच वाद चालला आणि वासिल बिन अता वेगळे झाले. त्यांच्या मते पापी माणूस दोन्हींच्या मधल्या जागी असतो. बहुसंख्य मुस्लिमांनी पुढे जे मत स्वीकारले ते असे, की पापी माणूस पापी असतो, पण आपल्यातलाच असतो आणि त्याच्यासाठी दार उघडे असते.

काही पापे मात्र अशी असतात, की त्यात परत करायला काही उरतच नाही. ह. इमाम हुसैन (रजि.) यांना पत्रे पाठवून बोलावणारे कूफावासी ६८० मध्ये करबलाच्या वेळी घरात बसून राहिले. चार वर्षांनी सुलैमान बिन सुरद यांच्या नेतृत्वाखाली त्यांतल्या काहींनी स्वतःला ‘तव्वाबून’, म्हणजे तौबा करणारे, म्हणवून घेतले. करबलाच्या मातीवर ते रडले आणि ६८५ च्या आरंभी ऐनुल वर्दाच्या लढाईत त्यांतले बहुतेक मारले गेले. त्यांच्या दुःखाबद्दल शंका नाही. पण गेलेली वेळ तलवारीने परत आली नाही. परत करण्यासारखे हाती आहे तोवरच ते करावे, हाच त्या गोष्टीचा बोध.

इमाम गजाली (१०५८-११११) यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’चा शेवटचा चतुर्थांश तौबेच्या प्रकरणानेच सुरू होतो. तौबेत आधी जाणीव, मग मनाची जळजळ आणि मग कृती असते, असे ते सांगतात. लोकांच्या हक्कांबाबत तर ते अगदी हिशेबनिसाच्या काटेकोरपणे बोलतात. वयात आल्या दिवसापासूनचे आठवा, कुणाचे किती आहे ते मोजा, मालक शोधा, मालक नसेल तर वारस शोधा. इमाम नववी (१२३३-१२७७) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये तौबेच्या तीन अटी सांगितल्या : पाप सोडणे, खंत वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क मारलेला असेल तर चौथी अट : तो परत करणे. मुसा बिन मैमून यांची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून पाहावी.

हे साम्य योगायोगाचे नाही. अकराव्या शतकातल्या स्पेनमध्ये बह्या इब्न पाकुदा या यहुदी विद्वानाने अंतःकरणाच्या कर्तव्यांवर एक ग्रंथ अरबीत लिहिला. त्यावर सूफी विचाराची स्पष्ट छाया आहे आणि त्याचे एक संपूर्ण प्रकरण तौबेवर आहे. अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्येही पश्चात्तापासाठी तौबा हाच शब्द आहे.

नीनवेचे लोक

तिन्ही धर्मांनी जपलेली एक गोष्ट म्हणजे ह. यूनुस (अ.) यांची. नीनवे शहर पापाने भरले होते, इशारा मिळाला, लोक परतले आणि शहर वाचले. यहुदी लोक योम किप्पूरच्या दुपारी हीच कथा वाचतात. पूर्वेकडचे सुरियानी ख्रिस्ती नीनवेचा तीन दिवसांचा उपास करतात. केरळातही तो पाळला जातो. कुरआनात शिक्षा समोर येऊन ठेपली असता ईमान आणून वाचलेली वस्ती म्हणून यूनुसच्याच लोकांचा उल्लेख आहे. मिश्नाने या कथेतली खाच नेमकी दाखवली आहे : ईश्वराने त्यांची गोणपाटे आणि उपास पाहिले असे तिथे लिहिलेले नाही, त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे. आणि तल्मूदमध्ये म्हटले आहे, की नीनवेत कुणी चोरलेली तुळई वाड्यात बसवली असेल तर त्याने सारा वाडा पाडून ती परत केली. शम्माईची कठोर अट नीनवेच्या लोकांनी आपखुशीने पाळली.

प्राचीन नीनवे म्हणजे इराकमधल्या मोसुलचा परिसर. तिथल्या टेकडीवर नबी यूनुस यांची दर्गाह होती. त्या जागी पूर्वी ख्रिस्ती मठ होता असे मानले जाते आणि तिन्ही धर्मांचे लोक ती जागा मानत. जुलै २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या लोकांनी ती सुरुंग लावून उडवली. जे स्वतःखेरीज सर्वांना बाहेरचे ठरवतात, त्यांना परतलेल्या लोकांची आठवण सहन होत नाही.

आपल्या घरचा हिशेब

आता मोसुलहून आपल्या मोहल्ल्यात यावे. शबे-बरातला आपण रात्रभर जागतो, कब्रस्तानात जातो. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री रडून दुआ मागतो. हजला निघताना नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना भेटून ‘कहा-सुना माफ करो’ म्हणतो. ही फार चांगली रीत आहे. मुळात ती हुकूकुल इबादचीच आठवण आहे. पण ‘कहा-सुना’मध्ये बोलले-ऐकलेले येते, घेतलेले येत नाही. ज्या बहिणीला वडिलांच्या घरात, दुकानात, जमिनीत तिचा हिस्सा दिला नाही, तिच्या गळ्यात पडून माफी मागितली की हजला जायला मोकळे झालो, असे किती भाऊ मानतात! कुरआनात मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली होती. तौबेच्या कायद्यात शेतजमिनीचा अपवाद नाही.

मेहरचेही तसेच. निकाहनाम्यावर आकडा लिहिला जातो आणि नवऱ्याच्या अखेरच्या क्षणी बायकोच्या तोंडून ‘माफ किया’ वदवून घेतले जाते. चार माणसांसमोर, मरणाच्या दारात, तिने दुसरे काय म्हणायचे? प्रेषितांपुढे एक जनाजा आणला गेला. मयतावर कर्ज आहे आणि फेडायला मागे काही नाही, हे कळल्यावर त्यांनी स्वतः नमाज पढवण्याचे थांबवले; ह. अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज अंगावर घेतल्यावरच नमाज झाली. कयामतच्या दिवशी खरा दिवाळखोर कोण, तेही त्यांनी सांगून ठेवले आहे. तो नमाज, रोजे, जकात यांची मोठी पुंजी घेऊन येईल. पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेले असेल. त्याची पुण्ये एकेक करून त्या लोकांना वाटली जातील आणि पुंजी संपली तर त्यांची पापे याच्यावर टाकली जातील.

मंदिर पडल्यावर रब्बींनी जे सांगितले, लास कासास यांनी लेखनिकासमोर कागद करून जे मागितले आणि गजालींनी हिशेबाची वही उघडून जे समजावले, ते एकच आहे. अल्लाह त्याचा स्वतःचा हक्क माफ करतो, तो दयाळू आहे. बहिणीचा हक्क बहिणीचा आहे. मराठीत ‘परतणे’ आणि ‘परत करणे’ हे शब्द एकाच घरचे आहेत. शबे-बरातच्या आधल्या दिवशी घरातले जुने कागद काढून कुणाचे काय द्यायचे राहिले आहे ते एकदा पाहावे. रात्रीच्या इबादतीला मग मन लागेल.